अखबारबाईंचं सोंग

अखबारबाईंना हळू बोलता येत नसे. गुलमंडीवर त्या कोथिंबिरीचा भाव करू लागल्या, की पैठण गेटपाशी उभ्या असलेल्या बायकांना कोथिंबीर महागल्याचं कळे. शहागंजातले टांगेवाले त्यांना पुढच्या बाजूला बसू देत नसत. "बाई, जरा हल्लू बोलो, घोडा बिचकता है," असं हात जोडून सांगत. बाई म्हणत, "होईल सवय त्याला, तू हाक." आणि टांगा औरंगपुऱ्यात पोचेपर्यंत घोड्यासकट सगळ्या रस्त्याला त्या आठवड्याच्या बातम्या पाठ झालेल्या असत.

याला कारण त्यांचे वडील. निजामाच्या अमलात ते कचेरीत कागदांच्या नकला उतरवायचे आणि तरुणपणीच त्यांचे कान गेले होते. आई लवकर वारलेली. त्यामुळे त्या घरात जे काही बोललं जाई ते ओरडूनच. "आमच्या घरात गुपित असं कधी राहिलंच नाही," बाई सांगत. "सकाळी आमचं दूध नासलं, की शेजारीण न मागता ताक घेऊन यायची." कानात कुजबुजणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग. त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कानात सांगायची ती चहाडी, चारचौघांत सांगायची ती बातमी."

बाईंचं शिक्षण सगळं उर्दूतून झालं होतं, मराठी घरी शिकलेली. पोलीस ॲक्शननंतर गावात मराठी छापखान्यांना जरा मोकळा श्वास मिळाला, तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांनी औरंगपुऱ्यात साप्ताहिक काढलं. मास्तर हैदराबादच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, पण स्वभावानं इतके भिडस्त की कोपऱ्यावरच्या दुकानातला उधार चहाही मागवायला लाजत. बाई एके दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काम द्या." मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. साप्ताहिकात बाईमाणूस ही गोष्टच तेव्हा नवीन. मास्तर त्याला शुद्ध मराठीत वृत्तपत्र म्हणत, पण गावाच्या तोंडी शब्द एकच होता, अखबार. म्हणून त्या अखबारबाई झाल्या. त्यांचं खरं नाव वापरणारा मी कुणी पाहिला नाही.

मास्तरांनी त्यांना गृहिणींचं सदर दिलं. बाईंना स्वयंपाक येत नव्हता; येतो का, हे विचारायचं राहून गेलं. त्यांनी येसर आमटीची कृती लिहिली आणि मिरच्यांचं माप असं काही छापलं, की बेगमपुऱ्यातल्या एका लग्नात ती वाचून केलेली आमटी पिऊन अख्खं वऱ्हाड विहिरीकडं धावलं. दुसऱ्या दिवशी बायकांचा घोळका भांडायला कचेरीवर आला. मास्तर मागच्या दारानं निघून गेले. बाईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि भांडण नीट ऐकून घेतलं. ते संपल्यावर म्हणाल्या, "आमटीचं चुकलं माझं. आता मला येत नाही ते लिहायचं सोडते. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

त्यातली एक पैठणकडची होती. ती म्हणाली, "माझी मामी पागलखान्यात टाकलीय बाई. मी दर बाजाराला जाते, पर दारातूनच हाकलून देतात. जिती हाय का मेली, काय बी कळंना. ते लिवा की!"

छावणीच्या पलीकडं, माळावरच्या जुन्या सराईत तो पागलखाना होता. खाजगी होता. राज्य बदललं तरी तिथला कारभार पाहणारा दरोगा बदलला नव्हता. बाई सरळ दारावर गेल्या. दरोग्यानं विचारलं, "नातेवाईक आहात?" बाई म्हणाल्या, "नाही, अखबारवाली आहे." दार लागलं. त्या परत आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "नातेवाइकाला आत सोडत नाहीत, अखबाराला सोडत नाहीत. सोडतात फक्त वेड्याला. तेव्हा मला वेड लागलं पाहिजे."

मास्तर हादरले. "बाई, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाई वेडी झाली. तेच तर म्हणायला हवंय, मास्तर!"

मग वेडाच्या सोंगाची तयारी सुरू झाली. बाईंनी केस मोकळे सोडले, डोळे वटारले, हातवारे केले आणि वडिलांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. वडिलांनी वर पाहिलं आणि विचारलं, "आज केस धुतलेस का?" तरी बाईंनी धीर सोडला नाही. आपण दौलताबादची राणी आहोत आणि किल्ला कुणीतरी चोरून नेला आहे, असं एक भाषणच त्यांनी पाठ केलं. मास्तरांनी त्यांना मेहुणी म्हणून सराईत न्यायचं आणि पुढच्या बाजारच्या दिवशी बरी झाली म्हणून परत आणायचं, असं ठरलं.

त्या दिवशीची गोष्ट मास्तर पुढं आयुष्यभर सांगत. ते घामानं निथळत होते. दरोग्यानं पान लावता लावता विचारलं, "काय करते ही?" मास्तरांना खोटं सुचेना. ते कसेबसे म्हणाले, "ही... ही फार बोलते."

"बस, तेवढं पुरे," दरोगा म्हणाला, आणि दार उघडलं.

दरोग्यापुढं करायचं दौलताबादच्या राणीचं भाषण तसंच राहिलं. याचा राग बाईंना सराईतल्या माराहून जास्त होता.

मी त्या सराईत होते. कन्नडच्या बाजूला माझं सासर. घरची शेतीवाडी चांगली. एका पावसाळ्यात तापाची साथ आली. त्यात नवरा गेला आणि पाठोपाठ कुशीतलं लेकरू गेलं. त्या दिवसापासून माझं बोलणं बंद झालं. मी ठरवून गप्प बसले नव्हते. शब्द वर येतच नव्हते. सासऱ्यांनी थोडे दिवस वाट पाहिली, देवऋषी केला, मग धाकट्या दिरानं गाडी जुंपली आणि मला सराईत आणून सोडलं. तिथं केस कापून टाकत, रडलं तर हौदात बुडवत, फिरलं तर खांबाला बांधत. जेवण एकदा, तेही जमादारणीच्या मर्जीवर. ही जमादारीण म्हणजे बायकांवर देखरेख करणारी बाई. तिच्या हातात सदा एक काठी असे. यापेक्षा जास्त त्या जागेबद्दल मी लिहीत नाही. बाईंनी लिहिलंय, आणि माझ्याहून चांगलं लिहिलंय.

बाई आत आल्या त्या आमच्यापुढं सोंग करतच आल्या. चौकात उभ्या राहून त्यांनी किल्ला चोरीला गेल्याचं जाहीर केलं. आम्ही बघत बसलो. मामी, म्हणजे तीच पैठणची मामी, खांबाला टेकून बसली होती. तिच्या घरी पैठणीचा माग होता. तो विकला गेल्यापासून तिची बोटं हवेतच धागे ओढत असत. ती म्हणाली, "पोरी, किल्ला गेला तर जाऊ दे. तू इथं बस, तुझा पाय माझ्या धाग्यावर पडलाय." बाईंनी दचकून पाय उचलला. सगळ्या हसल्या. त्या चौकात मी तेव्हा पहिल्यांदा हसणं ऐकलं. बाईही हसल्या आणि ते सोंग तिथंच संपलं.

त्यानंतर त्या अगदी शहाण्यासारखं वागल्या, पण त्यामुळं काहीच फरक पडला नाही. त्यांनी एकेकीजवळ बसून विचारपूस सुरू केली. तू कुठली, कुणी आणलं, का आणलं, खायला काय देतात. हे सगळं आपल्या नेहमीच्या आवाजात. बायका घाबरून इकडं तिकडं बघत. एकीनं तोंडावर हात ठेवून खुणावलं, तर बाई म्हणाल्या, "काय? मोठ्यानं सांग, ऐकू येत नाही!"

एका दुपारी त्या मामीच्या मनगटावरचे दोरीचे वळ बघत होत्या. "हे कुणी केलं? त्या जमादारणीनं? तिचं नाव सांग मला, छापते मी!" असं त्या ओरडत होत्या, आणि त्यांच्या मागं कमानीतून जमादारीण काठी घेऊन येत होती. मी समोर बसले होते. मला ती दिसत होती, बाईंना नव्हती. माझ्या तोंडातून शब्द निघाले, "हळू बोला!"

आवाज माझाच होता, पण गंजलेल्या बिजागरीसारखा. बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं, आणि हळू बोलायचं सोडून त्या केवढ्यांदा तरी ओरडल्या, "अगं बाई, ही बोलली! ऐकलंत का? ही बोलली!"

जमादारणीनं आम्हा दोघींना धरलं आणि जुन्या तबेल्याच्या कोठडीत कोंडलं. दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नपाणी नाही. भिंतीतल्या झरोक्यातून थोडं ऊन येत होतं. बाईंच्या खांद्यावर काठीचा वळ उठला होता. त्यांनी तो चोळत विचारलं, "नाव काय तुझं?"

"गया."

"आणखी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. भूक लागलीय असं बोल."

"लई भूक लागलीय," मी म्हणाले, आणि रडू लागले. किती तरी महिन्यांनी मला रडता आलं. बाई शेजारी बसून राहिल्या. त्यांनी गप्प हो म्हटलं नाही, की समजूत काढली नाही. मी थांबल्यावर त्यांनी मला येसर आमटीची गोष्ट सांगितली. मी म्हणाले, "इतक्या मिरच्या कुणी टाकतं व्हय?" त्या म्हणाल्या, "तेच सगळं गाव विचारतंय." लेकराचं नाव काय होतं, हे त्यांनी मग विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा मोठ्यानं उच्चारलं. ते नाव माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकेन, असं वाटलं नव्हतं.

बाजारचा दिवस उजाडला. ठरल्याप्रमाणे मास्तर आले. आम्ही चौकात होतो. दारावरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. मास्तर म्हणाले, "माझी मेहुणी बरी झाली असेल, घेऊन जातो." दरोगा म्हणाला, "कसली बरी? अजून बोलते. अशी सोडता येत नाही. पुढच्या वर्षी बघू." दार लागलं.

बाईंचा चेहरा मी त्या एकाच वेळी उतरलेला पाहिला. त्या खांबाला टेकून खाली बसल्या. मला वाटलं, आता याही आमच्यातल्याच झाल्या. पण मग त्यांनी भिंतीकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं, पदर खोचला आणि हौदाच्या काठावर चढून उभ्या राहिल्या.

"मास्तर! गेला नाहीत ना?"

भिंतीपलीकडून बारीक आवाज आला, "आहे, आहे."

"कागद काढा! मजकूर सांगते. मथळा लिहा, 'सराईच्या भिंतीआड'. खाली पहिला परिच्छेद!"

आणि त्यांनी भिंतीवरून मजकूर सांगायला सुरुवात केली. स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. मास्तरांकडं कागद नव्हता; बगलेतल्या अंकांच्या कोऱ्या कडांवर ते लिहीत होते. बाजाराला निघालेल्या बैलगाड्या थांबल्या, टांगे थांबले. मजकुराच्या मध्येच बाहेरून "अरे अरे!" असे आवाज येऊ लागले. मास्तर ओरडले, "बाई, जरा सावकाश, 'उपासमार'मधला उ ऱ्हस्व की दीर्घ?" बाई कडाडल्या, "आधी लिहा, शुद्धलेखन मग!"

जमादारीण काठी घेऊन धावली. मामी उठली आणि तिनं काठीचं टोक धरलं. मागाचा दांडाच हाती लागला असं तिला वाटलं असावं. ती शांतपणे त्याच्यावर धागे चढवू लागली आणि काही केल्या सोडेना. बाकीच्या बायका हौदाभोवती कडं करून उभ्या राहिल्या. दरोगा आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "बाई, हळू बोला. बाहेर लोक जमलेत."

"म्हणून तर बोलतेय!"

मग त्यांनी मला हात देऊन वर ओढलं. "गया, तुझं तू सांग." समोर नुसती भिंत. मी ओरडले, "मी गया! कन्नडच्या बाजूची! माझं लेकरू गेलं म्हणून मी गप झाले. मला आता बोलता येतंय!" माझ्यामागून एकेक जण चढली आणि आपापलं नाव, आपापलं गाव भिंतीपलीकडं फेकू लागली. बाहेरून कुणीतरी हंबरडा फोडला, "मामी! अगं मामी, मी हाय इथं!" मामीनं बोटं थांबवली आणि म्हणाली, "ही तर आपली चंद्री."

दरोग्यानं घाईघाईनं दार उघडलं. "तुम्ही जा बाई. मोकळ्या आहात."

"आता का?" बाई म्हणाल्या. "मी तर अजून बोलतेय."

गलका ऐकून सरकारी अंमलदार येईपर्यंत त्या हौदावरून उतरल्या नाहीत. अंक निघाला, वरून चौकशी आली, दरोगा आणि जमादारीण दोघांनाही काढून टाकलं. ज्यांच्या घरचे आले त्या घरी गेल्या. मामीसारख्या ज्यांना खरोखर उपचार हवे होते, त्यांना सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. बाई तिला भेटायला जात तेव्हा रंगीत रेशमाच्या लडी नेत. मामी त्या बघून म्हणे, "हा रंग पक्का नाही." लेखाखाली 'खास प्रतिनिधीकडून' असं छापावं, असं मास्तरांच्या मनात होतं. बाईंनी स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं. म्हणाल्या, "लोकांना शिव्या द्यायच्या असतील, तर पत्ता नको का?" शिव्या भरपूर आल्या. बाई त्या जेवताना मोठ्यानं वाचून दाखवत आणि वडील विचारत, "कुणाचं लग्न आहे?"

मला न्यायला सासरचं कुणी आलं नाही, म्हणून बाईंनी मला आपल्या घरी आणलं. माहेरून भाऊ आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "पागलखान्यातून आलेली बहीण घरी नेली, तर माझ्या पोरींची लग्नं कशी व्हायची?" बाईंनी त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "तुझं सामान आत ठेव." सामान म्हणजे अंगावरचं लुगडं तेवढं. बाईंच्या घरच्या दोन खोल्यांत मी राहिले, मुळाक्षरं शिकले, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले. माझा आवाज मुळातच बारीक. वडील बाईंकडं तक्रार करत, "ही पोर बोलत का नाही?" बाई ओरडून सांगत, "बोलते हो, बाबा! दिवसभर बोलते!"

पुढं पैठणच्या शाळेतले एक विधुर गुरुजी साप्ताहिकाला मजकूर द्यायला येऊ लागले. मजकूर बेताचा असे, पण ते स्वतः येऊन देत. काय चाललंय हे बाईंनी आमच्याआधी ओळखलं आणि अर्थातच सगळ्या गल्लीला सांगितलं. लग्न ठरलं. मांडवात गुरुजींच्या आत्यानं बाईंना गाठून विचारलं, "पोरगी पागलखान्यातली ना?"

बाईंचं उत्तर मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. बाई म्हणाल्या, "हो. मीही तिथलीच. आमचं माहेर एकच आहे."

आत्या अक्षता घ्यायला निघून गेल्या. आणि बाईंनी ते माहेर शेवटपर्यंत निभावलं. पहिल्या दिवाळीला त्या मला न्यायला पैठणला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "भाऊबीज झाली की धाडून द्या." बाई म्हणाल्या, "पाडव्यापासून पंचमीपर्यंत पोरगी माझी." त्यानंतर एकही दिवाळी चुकली नाही. आधी धक्के खात येणारी मोटार होती, मग एस.टी. आली. मला मुलं झाली, ती बाईंच्या मांडीवर खेळली, त्यांच्या हातची वाईट आमटी खाऊन मोठी झाली. बाईंचे वडील गेले, साप्ताहिक बंद पडलं, बाई दुसऱ्या अखबारांसाठी बीड-परभणीपर्यंत फिरू लागल्या. कुठं वसतिगृहातल्या मुलींचे हाल, कुठं दवाखान्यातले. पण आश्विन संपत आला, की पिशवी घेऊन दारात हजर.

एका पावसाळ्यात परभणीहून निरोप आला. चार दिवसांच्या तापानं बाई गेल्या. आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या वर्षी दिवाळी आली तेव्हा मी घरातच राहायचं ठरवलं होतं. अनारसे तळत होते. सुनेला म्हटलं, आता आमचं वय झालं, माहेरी कसलं जायचं. इतक्यात दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर मास्तर. काठी टेकत, धोतराचा सोगा सावरत एस.टी.नं एकटे आले होते. दारात उभे राहायलाही लाजत होते.

"बाई सांगून गेल्या होत्या का?" मी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "मलाच वाटलं." मग आपल्या त्या भिडस्त आवाजात म्हणाले, "घरी स्वयंपाकाला कुणी नाही. खोलीही लहान आहे. पण चलतेस का? परतीची गाडी अर्ध्या तासात आहे."

मी सुनेच्या हाती झारा दिला, हात धुतले आणि लुगडं बदलायला आत गेले.